हरवलेल्या पुस्तकांचा हिशेब

मुलांची ग्रंथालये आणि मुलांसाठीचे सांस्कृतिक उपक्रम हा संपादकांनी दिलेला विषय. त्यावर लिहायला पुण्याच्या पेठा आणि मुंबईतले दादर पुरेसे आहेत. बालरंगभूमी तिथे रुजली, मुलांची मासिके तिथून निघाली, कथाकथनाला श्रोते तिथे मिळाले. पण ग्रंथालय म्हणजे पुस्तक मुलाच्या हाती पडण्याची व्यवस्था, एवढा साधा अर्थ घेतला, तर ती व्यवस्था पाहायला सोयीच्या जागी जाऊन भागत नाही. जिथे ती ताणली जाते तिथे जावे लागते. जुन्नर आणि आंबेगाव हे पुणे जिल्ह्याच्या उत्तरेचे दोन तालुके त्यासाठी चांगले. इथे पैसा आहे आणि टंचाईही आहे. शाळा आहेत, आश्रमशाळा आहेत, महाविद्यालये आहेत. वर्षभर पुरतील इतक्या जत्रा, सप्ताह, मिरवणुका आणि संमेलने आहेत. आणि बहुतेक शाळांत पुस्तकांचे एक कपाटही आहे.

त्या कपाटाला कुलूप का असते, हा या लेखाचा प्रश्न आहे. त्याचे नेहमीचे उत्तर मुलांच्या, पालकांच्या किंवा शिक्षकांच्या अनास्थेकडे बोट दाखवते. ते उत्तर चुकीचे आहे असे मला वाटते. दोष हिशेबाच्या पद्धतीत आहे.

पश्चिमेचा पाऊस, पूर्वेचा ऊस

पुणे–नाशिक महामार्गाने मंचर, कळंब, नारायणगाव, आळेफाटा असे वर सरकले की दोन्ही तालुके सुखवस्तू दिसतात. कुकडी प्रकल्पाची धरणे आणि कालवे, नारायणगावचा टोमॅटो, मंचर-ओतूरचा कांदा, विघ्नहर आणि भीमाशंकर हे दोन सहकारी साखर कारखाने. याच रस्त्यावरून पश्चिमेला वळून घोडेगावमार्गे भीमाशंकरकडे, किंवा जुन्नरहून आपटाळ्याच्या पुढे नाणेघाटाकडे गेले की मुलूख पालटतो. भातखाचरे, हिरड्याची झाडे, डोंगराच्या पदराने विखुरलेल्या महादेव कोळी आणि ठाकर वस्त्या, पावसाळ्यात दिवसचे दिवस न हटणारे धुके. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव मिळाले ते गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. आदिवासी विकास विभागाचे प्रकल्प कार्यालयही तिथेच आहे आणि गोहे, असाणे, तेरुंगण अशा ठिकाणच्या आश्रमशाळांचा कारभार त्याच्या अखत्यारीत येतो.

या भूगोलाचा मुलांच्या वाचनाशी संबंध वेळेतून येतो. पश्चिम पट्ट्यातल्या घरांत भातलावणीच्या दिवसांत कोणाला सवड नसते. उन्हाळ्यात हिरडा गोळा करायचा असतो आणि त्यात मुलांचे हात लागतात. भात निघाले की कितीतरी आईबाप नारायणगावच्या मजूर अड्ड्यावर सकाळी उभे असतात. कोणी रोजच्या रोज परततात, कोणी तिकडेच राहतात. पूर्वेच्या बागायतीत अडचण वेगळी. तिथे वस्ती उसाच्या फडाला लागून असते आणि उसात बिबट्या असतो. जुन्नर वनविभागातला हा प्रश्न आता इतका जुना आहे की माणिकडोहचे बिबट्या निवारा केंद्र देशभर माहीत झाले आहे. अंधार पडू लागला की शेतवस्तीवरचे मूल एकटे बाहेर पाठवायचे नाही, हा तिथला घराघरातला नियम आहे. गावातले सार्वजनिक वाचनालय मात्र सकाळी आणि संध्याकाळी उघडते. सकाळी मूल शाळेच्या गडबडीत, संध्याकाळी बिबट्याच्या भीतीने घरात. तिसरी मुले ऊसतोड कामगारांची. दिवाळीनंतर मराठवाड्यातून, अहिल्यानगर जिल्ह्यातून टोळ्या येतात, कारखान्याच्या आसपास कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, पडतात आणि गळीत हंगाम संपला की उठतात. सभासद व्हायला अनामत लागते आणि गावातला पत्ता लागतो. कोपीला पत्ता कुठला?

म्हणजे इथे मुलांची तीन वेळापत्रके आहेत आणि ग्रंथालयाचे एकच. ते एक वेळापत्रक निवृत्त शिक्षक आणि वर्तमानपत्र वाचायला येणाऱ्या ज्येष्ठांना सोयीचे आहे. त्यात त्यांचा दोष नाही. वाचनालये टिकली आहेत ती त्यांच्याच चिकाटीवर.

डेडस्टॉक रजिस्टर

शाळांत पुस्तके पोहोचतच नाहीत, असे म्हणता येणार नाही. १९८७ च्या ऑपरेशन ब्लॅकबोर्डपासून प्राथमिक शाळेला पुस्तकसंच देण्याची कल्पना सरकारी योजनांत आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे, त्यात वर्तमानपत्रे, मासिके, विषयांची पुस्तके आणि गोष्टींची पुस्तकेही असावीत, असे स्पष्ट लिहिले आहे. समग्र शिक्षा योजनेत प्राथमिक शाळेच्या ग्रंथालयाला वर्षाला पाच हजार रुपयांपर्यंत तरतूद आहे. रक्कम थोडी आहे, पण दोन शिक्षकी शाळेला चार-पाच वर्षांत दोनशे-तीनशे पुस्तके जमायला ती पुरते. देणगीतून येतात ती वेगळी.

आता त्या पुस्तकांचे पुढे काय होते ते पाहू. गठ्ठा येतो. प्रत्येक पुस्तकावर शाळेचा शिक्का उठतो, क्रमांक पडतो आणि बाके, घंटा, तराजू, खुर्च्या यांच्याप्रमाणेच त्याची नोंद शाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरात, म्हणजे मालमत्तेच्या वहीत, होते. मुख्याध्यापकाची बदली झाली की येणाऱ्याला चार्ज द्यायचा असतो; यादी आणि वस्तू ताडून पाहिल्या जातात. पुस्तक कमी भरले तर ते जाणाऱ्याच्या नावावर लागते. दोन शिक्षकी शाळेत मुख्याध्यापक म्हणजे वर्गशिक्षकही, कारकूनही आणि पोषण आहाराचा हिशेबनीसही. एवढ्या गडबडीत त्याने पहिली-दुसरीच्या मुलांना पुस्तके घरी न्यायला दिली, तर महिनाभरात काही फाटणार, एखादे चुलीपाशी जाणार, एखादे आजोळी राहणार. शिक्षा देणाऱ्याला आहे, न देणाऱ्याला काहीच नाही. तपासणीला कोरी पुस्तके निर्धास्त दाखवता येतात. फाटकी पुस्तके समजावून सांगावी लागतात. ज्या नियमात पुस्तक वापरणे हा धोका आणि जपून ठेवणे हे कर्तव्य ठरते, त्या नियमात सुज्ञ माणूस कुलूपच लावील.

सार्वजनिक ग्रंथालयांची गोष्ट याहून फार निराळी नाही. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा, अंमल १ मे १९६८ पासून. काही दक्षिणी राज्यांनी घरपट्टीबरोबर ग्रंथालय उपकर घेण्याची वाट धरली; महाराष्ट्राने ती न धरता लोकांनी स्थापन केलेल्या संस्थांना अनुदान देण्याची पद्धत स्वीकारली. त्यामुळे आपल्याकडे राज्यभर बारा हजारांच्या आसपास मान्यताप्राप्त ग्रंथालये उभी राहिली, आणि हे यश लहान नाही. पण अनुदान मिळते ते अ, ब, क, ड या वर्गांनुसार, आणि वर्ग ठरतो तो ग्रंथसंख्या, सभासद, नियतकालिके, उघडण्याच्या वेळा अशा मोजता येणाऱ्या गोष्टींवर. वरच्या वर्गाकडून बालविभागाची अपेक्षा असते, तेव्हा बालविभाग असतोही: एक रॅक, एक छोटे टेबल, भिंतीवर एक चित्र. पण एका पुस्तकाला वर्षात किती मुलांचे हात लागले, यावर अनुदानाचा एक रुपयाही हलत नाही. त्यात २०१२ च्या पडताळणीनंतर नवी मान्यता आणि दर्जावाढ दीर्घकाळ थांबली. लहान गावातला ग्रंथपाल ज्या मानधनावर काम करतो, त्यात त्याने मुलांसाठी रविवारी वेगळा वेळ काढावा असे म्हणायला जीभ रेटत नाही.

गेल्या काही वर्षांत तालुक्याच्या गावांतली वाचनालये एका बाबतीत मात्र गजबजली आहेत. ती अभ्यासिका झाली आहेत. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससीची तयारी करणारी मुलेमुली स्वतःची पुस्तके घेऊन येतात आणि खुर्ची, दिवा, शांतता वापरतात. ही सोय आवश्यक आहे आणि तिची टिंगल करणे शहरी आगाऊपणा होईल. मात्र तिला ग्रंथालयाच्या पुस्तकांची गरज लागत नाही, एवढे लक्षात ठेवावे. पाचवीतल्या मुलीला त्या शांततेत कोणी बसू देत नाही, हेही.

बडोद्याच्या पेट्या, टोकियोतले घर

पुस्तक मुलाकडे कसे जाते याचे उत्तर मराठी माणसांना शंभर वर्षांपूर्वी सापडले होते. सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये संपूर्ण बडोदा संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. पाठोपाठ त्यांच्या लक्षात आले की शाळेत शिकलेले अक्षर पुढे वाचायला काही नसेल तर पुसले जाते. १९१० मध्ये त्यांनी विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावले. मध्यवर्ती ग्रंथालय झाले, त्यात मुलांचा विभाग झाला, आणि सर्वांत कामाची गोष्ट म्हणजे फिरत्या ग्रंथालयाच्या लाकडी पेट्या गावोगाव जाऊ लागल्या. बोर्डन परतल्यावर हे काम जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी चालवले. पेटी गावात जाते, तिथला शिक्षक किंवा एखादा विश्वासू माणूस ती उघडतो, लोक पुस्तके नेतात, काही काळाने पेटी बदलते. गावाने इमारत बांधावी, मग पुस्तके पाठवू, अशी अट नव्हती.

त्याच सुमाराला अमेरिकेत मुलांना ग्रंथालयात येऊ देण्याचा प्रश्न नुकताच सुटत होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत तिथेही बऱ्याच ग्रंथालयांत लहान मुलांना मज्जाव होता. ॲन कॅरोल मूर या बाईंनी आधी ब्रुकलिनमध्ये आणि १९०६ पासून न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात मुलांच्या विभागाची घडी बसवली. सभासद होताना मुलाने एका मोठ्या वहीत स्वतःच्या हाताने नाव लिहायचे आणि पुस्तके जपण्याचे वचन द्यायचे, असा त्यांचा रिवाज होता. स्थलांतरितांच्या वस्त्यांतली, भाषा न येणारी, भाड्याच्या खोल्या बदलत राहणारी मुले तिथे येत. आपल्या ऊसतोडीच्या मुलांशी त्यांचे नाते उघड आहे. जपानमध्ये १९५८ साली इशिई मोमोको या लेखिकेने टोकियोतल्या आपल्या राहत्या घरी शेजारच्या मुलांसाठी पुस्तके खुली केली, १९६५ मध्ये त्या अनुभवावर पुस्तक लिहिले, आणि पुढच्या वर्षांत देशभर बायकांनी आपापल्या घरी अशी हजारो लहान वाचनालये चालवली. नंतर याच बायकांनी नगरपालिकांच्या मागे लागून मुलांचे विभाग वाढवून घेतले. तिथे आधी वाचणारी मुले तयार झाली आणि मागाहून इमारती.

आजच्या महाराष्ट्रातही याची उदाहरणे आहेत. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानतर्फे विनायक रानडे यांनी २००९ पासून ‘ग्रंथ तुमच्या दारी’ चालवले. शंभर पुस्तकांची पेटी एखाद्या गटाकडे जाते, घराघरांत फिरते आणि दुसऱ्या पेटीशी बदलते. ही पेटी दुबईतल्या मराठी कुटुंबांपर्यंत गेली. सातारा जिल्ह्यातल्या भिलारला ४ मे २०१७ रोजी पुस्तकांचे गाव सुरू झाले, तेव्हा पंचवीस ठिकाणी, बहुतेक लोकांच्या राहत्या घरांत, पुस्तके मांडली गेली. भिलारचा बराचसा वाचक पर्यटक आहे हे खरे. तरी घराच्या ओसरीवर उघडी पुस्तके ठेवली म्हणजे ती लुटली जात नाहीत, एवढे त्या गावाने दाखवून दिले. बडोदा, न्यूयॉर्क, टोकियो, नाशिक या चारही ठिकाणी एक गोष्ट समान दिसते: कोणीतरी आधीच ठरवले की काही पुस्तके परत येणार नाहीत, आणि ते चालेल.

कार्यक्रमांना तोटा नाही

आता दुसरी बाजू. जुन्नर-आंबेगावच्या मुलांना सांस्कृतिक जीवन नाही असे कोणी म्हणाले तर त्याला इथले एक वर्ष दाखवावे. १९ फेब्रुवारीला शिवनेरीवर शिवजयंती. राज्यभरातून तरुण येतात आणि शिवज्योत घेऊन धावत परततात, गावच्या शाळांत लेझीम आणि पोवाड्यांची तयारी महिनाभर चालते. २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन. खोडदला, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना असलेल्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या केंद्रात, विज्ञान प्रदर्शन भरते आणि शाळांची मुले स्वतः केलेली उपकरणे मांडून उभी राहतात. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे यात्रा कमिटीचे लोक येऊन सुपारी देतात. तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकरांचे हे गाव, तमाशाची पंढरी. मग यात्रा, बैलगाडा शर्यती, श्रावणात ओतूरला कपर्दिकेश्वराची गर्दी, गणपती, आणि गावोगावचे हरिनाम सप्ताह, ज्यात सहा-सात वर्षांचे पोर टाळ धरून हरिपाठाला उभे राहते आणि शब्दांचा अर्थ कळण्याआधी ते शब्द पाठ करते. आळ्याला तर ज्ञानेश्वरांनी वेद म्हणवून घेतलेल्या रेड्याची समाधी आहे. रेड्याला वेद म्हणता येतात यावर श्रद्धा असलेल्या मुलखाने चौथीच्या पोराला पुस्तक सांभाळता येणार नाही असे धरून चालावे, हे जरा गमतीचे आहे.

हे सारे कार्यक्रम का टिकतात, ते ग्रंथालयाने शिकण्यासारखे आहे. एक, त्यांची तारीख ठरलेली असते आणि कोणाच्या परवानगीवर अडत नाही. दोन, घरटी वर्गणी निघते. मुंबईतले ग्रामस्थ मंडळही हिस्सा पाठवते. म्हणजे गावात संस्कृतीसाठी पैसा नाही ही सबब टिकत नाही. तीन, त्यांत मुलांना काम असते. सप्ताहात मूल टाळ वाजवते, खोडदला प्रयोग समजावून सांगते, मिरवणुकीत लेझीम खेळते. बालविभागात मुलाने करायचे काय? तर गप्प बसायचे.

या कार्यक्रमांत एक उणीव आहे, आणि ती आपल्या बालसांस्कृतिक चळवळीच्या इतिहासातही आहे. साने गुरुजी गेले १९५० मध्ये. पुढच्याच वर्षी प्रकाशभाई मोहाडीकरांनी साने गुरुजी कथामाला सुरू केली. शाळेत आठवड्याला एक तास गोष्ट सांगायची, एवढाच तिचा साधा कार्यक्रम. तो महाराष्ट्रभर पसरला, कारण त्याला लागत होता फक्त गोष्ट सांगणारा माणूस. १९५९ मध्ये सुधा करमरकरांनी लिटल थिएटर काढले आणि मुलांसाठी भव्य, देखणी नाटके होऊ लागली. १९७१ च्या नोव्हेंबरात बालभारतीचे ‘किशोर’ आले आणि मुलांच्या हाती स्वस्त, सुंदर मासिक पडले. तीनही कामे मोठी. पण ती आपापल्या वाटेने चालली. गोष्ट सांगणाऱ्या शिक्षकाची बदली झाली की कथामालेचा तास थांबला, कारण गोष्टीमागून मुलाच्या घरी पुस्तक गेले नव्हते. नाटक शहरातल्या नाट्यगृहात राहिले. ‘किशोर’चे अंक शाळेत आले आणि क्रमवार गठ्ठा बांधून त्याच कपाटात गेले. कार्यक्रमाकडे माणसे होती पण मागे काही उरत नव्हते. ग्रंथालयाकडे उरणारी वस्तू होती पण माणसे नव्हती. सरकारने अनुदान दुसऱ्याला दिले, लोकांनी टाळ्या पहिल्याला दिल्या, आणि दोघांची गाठ घालणे कोणाचेच काम ठरले नाही.

त्यात शाळेचे वार्षिक स्नेहसंमेलनही आले. पूर्वी त्यात मुलांनी बसवलेली नाटुकली असत. आता ध्वनिवर्धकावर चित्रपटगीत लागते आणि भाड्याच्या ड्रेपरीत नाच होतो. मुलांना त्यात मजा येते, ती नाकारायचे कारण नाही. पण एका संमेलनाच्या ड्रेपरीवर आणि मंडपावर पालक जितका खर्च करतात, तितक्यात शाळेला वर्षभराची पुस्तके येतील, हा हिशेब एकदा पालकसभेत फळ्यावर मांडून पाहायला हरकत नाही.

हरकती

पहिली हरकत मोबाइलची. मुले आता पुस्तक कशाला वाचतील? यात तथ्य आहे, आणि मोबाइलवर चांगले वाचायलाही मिळते. ‘किशोर’चे जुने अंक बालभारतीने संगणकावर खुले केले आहेत, प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी चित्रपुस्तके फुकट आहेत. पण पश्चिम पट्ट्यात घरातला एकुलता स्मार्टफोन बापाबरोबर मजुरीला जातो आणि डोंगराआड रेंज नसते. शिवाय मोबाइल मुलाच्या हाती असतो तेव्हा तो गोष्टीच्या पानावर थांबत नाही, हे सांगायला तज्ज्ञ नको. ज्यांच्या घरी मोबाइल मुबलक, त्यांनी मोबाइल हे उत्तर आहे असे ज्यांच्या घरी तो नाही त्यांना सांगणे शोभत नाही.

दुसरी हरकत पालकांची, आणि ती अधिक प्रामाणिक आहे. गोष्टी वाचून काय मिळणार? शिष्यवृत्ती परीक्षा, नवोदयची प्रवेश परीक्षा, पुढे भरती. वेळ तिथे घालवावा. बागायती पट्ट्यातल्या जिल्हा परिषद शाळांची प्रतिष्ठा आज बऱ्याच अंशी शिष्यवृत्तीच्या निकालावर उभी आहे. मात्र या परीक्षांत उतारा वाचून उत्तरे द्यायची असतात, गणितही आधी वाचावे लागते. ‘असर’ हे ग्रामीण मुलांच्या शिक्षणाचे सर्वेक्षण वर्षानुवर्षे हेही तपासते की पाचवीतल्या मुलाला दुसरीचा मजकूर सलग वाचता येतो की नाही, आणि मोठ्या संख्येने मुले तिथेच अडतात. सलग वाचणे सरावसंचांनी येत नाही. त्याला मजकूर भरपूर लागतो आणि पुढे काय होते याची ओढ लागते. गोष्टीचे पुस्तक हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

तिसरी हरकत भाषेची, आणि तिचे वजन मी सर्वांत जास्त मानतो. आपली बहुतेक बालपुस्तके शहरातल्या मध्यमवर्गीय घराची आहेत. त्यातली आजी फ्लॅटमध्ये राहते, बाबा ऑफिसला जातात, सुट्टीत सगळे कोकणात जातात. ठाकर किंवा महादेव कोळी मुलाला त्यात स्वतःचे बोलणे ऐकू येत नाही, डोंगर दिसत नाही. मग पुस्तक उघडे ठेवूनही ते परकेच राहील, असे म्हणणाऱ्याला उत्तर द्यावेच लागेल. ते उत्तर मराठी शाळेच्या जुन्या परंपरेत आहे: हस्तलिखित. वर्षातून एकदा मुलांनी लिहिलेला, चित्रे काढलेला, शिवलेला अंक. हिरड्याचा भाव, लावणीच्या दिवसातली भांडणे, कोंबडी नेणारा बिबट्या, धरणात गेलेल्या जुन्या गावाबद्दल आजीने सांगितलेले; हे लिहायला शहरातला लेखक येणार नाही, इथली मुलेच लिहितील. डिंभ्याच्या विस्थापितांबरोबर शेती आणि मासेमारीच्या हक्कांचे काम करणाऱ्या, कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या ‘शाश्वत’ संस्थेला २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. जगाला दखल घ्यावीशी वाटली ते जगणे इथल्या मुलांच्या घरातले आहे, पण त्यांच्या कपाटातल्या एखाद्या पुस्तकात ते सापडणे कठीण. दुर्दैव असे की आजही जिथे हस्तलिखित निघते, तिथे ते अधिकाऱ्यांच्या हस्ते प्रकाशित होऊन त्याच कुलपाआड जाते.

किती पुस्तके हरवावीत?

उरते ती हिशेबनिसाची हरकत. सरकारी पैशाची पुस्तके आहेत; हरवली तर जबाबदार कोण? या हरकतीला उत्तर देण्यासाठी बंड करायची गरज नाही, सरकारचाच नियम पुरेसा आहे. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत ग्रंथालयांसाठी तरतूद आहे: वर्षभरात दिल्या-घेतल्या किंवा हाताळल्या गेलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच पुस्तके गहाळ होणे वाजवी समजावे, मात्र त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणा नसावा; एक हजार रुपयांहून महाग पुस्तकाची चौकशी मात्र करावी. हा नियम केंद्राच्या कार्यालयांचा आहे, जिल्हा परिषदेच्या शाळेला तो आपोआप लागू होत नाही. पण त्यामागचा विचार पाहण्यासारखा आहे. गहाळ पुस्तकांचे प्रमाण कपाटातल्या साठ्यावर ठरवलेले नाही, देवघेवीवर ठरवलेले आहे. जितकी पुस्तके फिरतील तितकी हरवण्याची मुभा वाढते. कपाट बंद ठेवणाऱ्याला मुभा शून्य.

साठ मुलांची शाळा धरा. प्रत्येक मुलाने आठवड्याला एक पुस्तक घरी नेले तर चाळीस आठवड्यांत दोन हजार चारशे वेळा पुस्तक हातातून हातात जाईल. नियमाच्या प्रमाणाने बारा पुस्तके हरवली तरी चालतील. मुलांच्या पुस्तकाची किंमत पन्नास रुपये धरली तर नुकसान सहाशे रुपयांचे. लहान मुले मोठ्यांपेक्षा जास्त फाडतात म्हणून प्रमाण दुप्पट करा, तरी बाराशे. एवढ्या रकमेसाठी आपण तीनशे पुस्तके आणि साठ मुले एकमेकांपासून दूर ठेवतो आहोत. फाटलेले पुस्तक हे वाचल्याचा पुरावा मानून त्याची वेगळी नोंद करायला सांगितले, आणि वर्षअखेरीस एवढी पुस्तके निर्लेखित करण्याचा अधिकार मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीला दिला, तर चार्ज देता-घेताना कोणाची झोप उडणार नाही. जिल्हा परिषदेला यासाठी नवी योजना, नवे बोधचिन्ह, उद्घाटन यांपैकी काही लागत नाही; एक परिपत्रक लागते.

वेळेचा प्रश्नही मग सुटण्यासारखा आहे. पहिली ते आठवीसाठी आनंददायी शनिवारचा उपक्रम आला आहे. तो गोष्टीला आणि पुस्तक बदलायला द्यावा. गोष्ट ऐकायची आणि त्याच लेखकाचे किंवा त्याच विषयाचे पुस्तक घरी न्यायचे, म्हणजे कथामाला आणि कपाट यांची तुटलेली गाठ शाळेतच बसेल. शाळा लांब असलेल्या वस्तीवर, उसाच्या कडेला, पंचवीस पुस्तकांची पेटी एखाद्या घरात ठेवावी. अंगणवाडी सेविका, बचत गटातली बाई, बारावी झालेली मुलगी, कोणीही चालेल; मुले अंधार पडण्याआधी येऊन बदलून नेतील. कारखान्याच्या हंगामात एक पेटी कोप्यांवर जावी, आणि तिच्यासाठी पत्ता किंवा अनामत मागू नये; मुलाने वहीत नाव लिहिले की पुरे. वीसहून कमी पटाच्या शाळा समूह शाळांत विलीन करण्याची चर्चा २०२३ पासून सुरू आहे. ती अमलात आली तर डोंगरातल्या कितीतरी वाड्यांवर शाळेचे कपाटही उरणार नाही, तेव्हा घरातल्या पेटीचा विचार आतापासून केलेला बरा.

हा अंक मुंबई-पुण्यात वाचणाऱ्यांत जुन्नर-आंबेगावची माणसे पुष्कळ असतील. डबे पोचवणारी, बाजार समितीत काम करणारी, नोकरी-धंद्याला गेलेली, आणि दर साली यात्रेची वर्गणी न चुकता पाठवणारी. त्यांच्या ग्रामस्थ मंडळांनी येत्या यात्रेला वर्गणीबरोबर गावच्या शाळेला पंचवीस पुस्तके पाठवावीत. देणगीदाराच्या नावाची पाटी नको. फक्त सोबत मुख्याध्यापकांना एक पत्र द्यावे, मंडळाच्या शिक्क्यानिशी: ही पुस्तके मुलांना घरी न्यायला द्यावीत, हरवली किंवा फाटली तर मंडळ भरपाई मागणार नाही, पुढच्या यात्रेला तेवढी पुन्हा पाठवील.